सांध्याचा दिवस: केरळ आणि तमिळनाडू, दोन ग्रुप टूर एका दमात

ठाण्यात कुठल्याही टूर कंपनीच्या ऑफिसात जाऊन "केरळ करून तसंच पुढे तमिळनाडू करायचंय" म्हटलं, की टेबलापलीकडून दोन ब्रोशर पुढे सरकतात आणि दोन किमतींची बेरीज मांडली जाते. ही बेरीज मान्य करू नये. दोन्ही किमतींत मुंबई ते मुंबई विमान धरलेलं असतं. केरळहून मुंबईला येणं आणि मुंबईहून पुन्हा मदुराईला जाणं या दोन फेऱ्या आपण करणारच नसतो, मग त्यांचे पैसे कशाला? मागायचा दर म्हणजे 'जॉइनिंग-लीव्हिंग'. आपण आपल्या पायांनी पहिल्या मुक्कामी पोचायचं आणि शेवटच्या मुक्कामी निरोप घ्यायचा.

काहीजण हिशेब करतात, की दुसऱ्या टूरचं विमान तिकीट घेऊन ठेवू, जातानाचा भाग सोडून देऊ आणि चेन्नईहून परतीचा वापरू. ते होत नाही. पहिल्या टप्प्याला प्रवासी हजर नसला, की त्याच पीएनआरवरचा पुढचा टप्पा विमान कंपनी रद्द करू शकते, आणि हे कळतं ते चेन्नईच्या काउंटरवर.

आता तारखा. शबरीमलेचा मोठा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीच्या मकरज्योतीपर्यंत चालतो आणि २० जानेवारीच्या आसपास देऊळ बंद होतं. तोवर केरळचे रस्ते, गाड्या, कन्याकुमारी, मदुराई, रामेश्वर सगळीकडे काळ्या कपड्यांतले अय्यप्पाभक्त असतात, आणि जानेवारीच्या मध्यावर पोंगलची सुट्टी. उलट मुन्नारचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहर या रानबोकडांच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्च बंद ठेवतात. म्हणजे खिडकी अगदी अरुंद: २० जानेवारीनंतर निघायचं आणि महिना संपायच्या आत मुन्नार उरकायचं. केरळ आधी का, याचं एक उत्तर हेच. दुसरं उत्तर असं, की घाटाची वळणं अंग ताजं असताना सोसतात.

पहिली टूर जिथे संपते आणि दुसरी जिथे सुरू होते, ती दोन गावं एका दिवसाच्या अंतरात हवीत. केरळच्या बऱ्याच टूर कन्याकुमारीला संपतात. तमिळनाडूच्या काही मदुराईला सुरू होऊन रामेश्वर करून परत कन्याकुमारीला उतरतात, ती घेतली तर कन्याकुमारी दोनदा पदरी पडते. दोन्ही कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवून रोजची गावं पेन्सिलीने जुळवावीत. इथे घेतलेली जोडी कोची ते कन्याकुमारी आणि मदुराई ते चेन्नई, मधे एक पूर्ण मोकळा दिवस आणि रात्र. अंतर सगळं मिळून साधारण १,६०० किलोमीटर, तेही १३ दिवसांत.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही: जेवण. मराठी कंपन्यांच्या टूरवर स्वतःचे आचारी असतात. दोन्ही टूर तशाच निवडल्या, तर पहिल्या आठवड्यातली पावभाजी, मग पुरणपोळी, मग कढी-खिचडी अगदी त्याच क्रमाने दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ताटात येते. एक टूर आचाऱ्यांची आणि एक हॉटेलच्या जेवणाची घ्यावी. केरळात आचारी बरे, कारण तिथला जाडा उकडा तांदूळ आणि खोबरेल तेल सगळ्यांना झेपत नाही. तमिळनाडूत इडली-डोसा-पोंगलवर कोणीही सुखाने जगतो.

सामान: चाकाची एक बॅग १५ किलोच्या आत, कारण परतीच्या विमानात चेक-इनची मर्यादा बहुधा तीच, आणि पाठीवरची एक सॅक. कपड्यांचे सहा जोड पुरतात. गरम कपडा एकच, तो फक्त मुन्नारला लागतो. पुरुषांसाठी पांढरं सुती धोतर आणि उपरणं घरूनच घ्यावं. रोजच्या गोळ्या १७ दिवसांच्या अधिक पाच दिवसांच्या, आणि त्या दोन बॅगांत विभागून.

दिवस १ आणि २: ठाणे ते एर्नाकुलम

नेत्रावती एक्सप्रेस एलटीटीहून निघते आणि दुपारी ठाण्याला, मग पनवेलला थांबते. नवी मुंबईकरांनी पनवेललाच चढावं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. टूर कंपन्या मात्र पुरेशी माणसं जमेपर्यंत निघणं पक्कं करत नाहीत. म्हणून ६० दिवस उरले असताना 'ही तारीख नक्की निघणार का' हे दोन्ही टूरबद्दल लेखी विचारावं आणि मगच तिकीट काढावं. दुसरी टूर रद्द झाली म्हणून पहिलीचे पैसे परत मिळत नाहीत. कंपनी एकच असली तरी कागदावर ती दोन वेगळी बुकिंग असतात.

ठाण्याला गाडी थोडाच वेळ थांबते, तेव्हा डब्याची जागा आधी बघून ठेवावी. समुद्राच्या आशेने खिडकी पकडणाऱ्यांची निराशा होते. कोकण रेल्वे बहुतेक डोंगरातून जाते आणि रत्नागिरीच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा येईपर्यंत दिवस कलतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम. टूर तिसऱ्या दिवशी सुरू होत असल्याने गाडी चार तास उशिरा आली तरी बिघडत नाही. संध्याकाळी हायकोर्ट जेट्टीहून वॉटर मेट्रोने फोर्ट कोचीला जाऊन यावं. वातानुकूलित बोट, लोकलसारखं तिकीट, आणि बंदराचं दर्शन टूरच्या बोटीपेक्षा चांगलं.

दिवस ३: कोची

मुंबईहून विमानाने आलेला ग्रुप दुपारपर्यंत जमतो. हा दिवस शुक्रवारी येत असेल तर मट्टनचेरीचा राजवाडा आणि १५६८ चं 'परदेशी सिनेगॉग' हे ज्यूंचं प्रार्थनाघर दोन्ही बंद. शनिवारी सिनेगॉग बंद. कार्यक्रमपत्रिकेत दोन्हीची नावं छापलेली असतातच, म्हणून वार बघायचा तो आपणच. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं दाखवतात. तो १५२४ मध्ये कोचीत वारला हे खरं, पण त्याचे अवशेष १५३९ मध्येच पोर्तुगालला नेले, त्यामुळे समोर आहे तो नुसता दगड.

पहिल्याच संध्याकाळी ओळखपरेड होते आणि सीटचं रोटेशन ठरतं. उद्याच्या घाटाचा त्रास होणाऱ्याने आत्ताच सांगून पुढच्या दोन रांगा मागून घ्याव्यात. सकाळी बसच्या दारात मागितल्या तर भांडण होतं.

दिवस ४ आणि ५: मुन्नार

कोची ते मुन्नार सुमारे १३० किलोमीटर, साडेचार ते पाच तास. उलटीची गोळी बसमध्ये बसल्यावर घेऊन उपयोग नाही, घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात जायला हवी. वाटेवरचे चीयप्पारा आणि वालरा धबधबे जानेवारीअखेर बहुधा ओल्या खडकावर येऊन ठेपलेले असतात. अडिमालीच्या आसपास मसाल्याच्या बागेत बस थांबतेच. बाग बघावी, वेलदोड्याचं फूल झाडाच्या बुंध्याशी जमिनीलगत येतं हे पाहण्यासारखं आहे. खरेदी मात्र इथे करू नये. त्याची जागा दोन दिवसांनी येते.

पाचव्या दिवशी सकाळी एरविकुलमला पहिल्या वेळेचं तिकीट असलेला टूर मॅनेजर कामाचा माणूस समजावा. आत आपली बस जात नाही, वनखात्याची जाते, आणि उशीर झाला की त्या रांगेतच दीड तास मोडतो. ताहर माणसांना भीत नाही, रस्त्याच्या कडेला चरत असतो. समोर आनमुडी, २,६९५ मीटर, सह्याद्रीतलं सगळ्यात उंच शिखर. कळसूबाई १,६४६ मीटर, तेव्हा फरक लक्षात येतो. नीलकुरिंजीची फुलं विचारणारा एकतरी ग्रुपमध्ये असतो. ती १२ वर्षांनी एकदा येतात, २०१८ ला आली होती, आता २०३०. चहाचं संग्रहालय सोमवारी बंद. मट्टुपेट्टी, इको पॉइंट वगैरे गाडीच्या खिडकीतून झाले तरी चालतात.

मुन्नारला कपडे धुऊ नयेत. रात्री थंडी आणि हवेत दमटपणा, सकाळी तेच ओले कपडे पिशवीत भरून निघावं लागतं.

दिवस ६: तेक्कडी

अंतर जेमतेम ९० किलोमीटर, पण साडेतीन तास. पेरियारच्या तलावातली पहिली बोट सकाळी साडेसातची असते आणि प्राणी पाण्यावर येतात ते त्याच सुमारास. ग्रुप दुपारी पोचतो म्हणून बहुतेक टूर शेवटची बोट देतात. त्या बोटीत पाणकावळे आणि लांबवर ठिपक्यासारखे गवे एवढंच पदरी पडतं. हत्ती दिसलाच तर नशीब. लाइफ जॅकेट काढू देत नाहीत आणि जागेवरून उठू देत नाहीत, यावर चिडू नये. ३० सप्टेंबर २००९ ला इथे बोट उलटून ४५ पर्यटक दगावले होते.

हा तलाव नैसर्गिक नाही. जॉन पेनिक्विकने बांधलेल्या १८९५ च्या मुल्लपेरियार धरणाचं हे पाणी आहे. नदी पश्चिमवाहिनी, पण पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पूर्वेला, तमिळनाडूत वळवलेलं. ते वैगई नदीच्या खोऱ्यात जातं आणि वैगई म्हणजे मदुराईची नदी. तेक्कडीहून मदुराई १४० किलोमीटरवर आहे. आपण मात्र कन्याकुमारीला वळसा घालून चार दिवसांनी पोचणार.

संध्याकाळी कथकली. खेळ सहाचा असेल तर पाचलाच जाऊन बसावं, कारण रंगण्याचं काम प्रेक्षकांसमोर चालतं आणि खरी कला तिथेच जवळून दिसते. कलाकार चटईवर उताणा पडतो. दुसरा माणूस त्याच्या डोक्याशी बसून तांदळाच्या पिठीची ओली खळ जबड्याच्या कडेने एकेक थर लावत जातो आणि त्यात कागदाच्या कापलेल्या कडा बसवतो. ही चुट्टी. पूर्ण बांधायला दोन-तीन तास लागतात, म्हणून पर्यटकांच्या खेळात ती आटोपशीर असते. हिरवा चेहरा सत्प्रवृत्त नायकाचा. शेवटी चुंडा नावाच्या झुडपाच्या फुलातला बारीक कण पापणीखाली सरकवतात, तो डोळे फिरवून फिरवून मुरवतात आणि काही मिनिटांत डोळ्याचा पांढरा भाग लालबुंद होतो. मागच्या रांगेतून यातलं काहीच दिसत नाही.

वेलदोडे घ्यायचे ते इथे, तेक्कडीला लागूनच्या कुमळी गावाच्या बाजारात. दाणा सात-आठ मिलिमीटरचा, रंग हिरवा, पण गडद एकसारखा पोपटी असेल तर शंका घ्यावी. एक फोडून पाहावा: आतले दाणे काळे, चिकट, वासाचे हवेत. पांढुरके आणि कोरडे असतील तर जुना माल. घेतलेले वेलदोडे, मिरी, आणि मुन्नारला वापरून झालेला स्वेटर एका खोक्यात घालून पोस्टाने ठाण्याला पाठवून द्यावा. दोन-तीन किलो वजन इथेच कमी होतं आणि पुढचे दहा दिवस बॅगेचा वास मसालेदार राहत नाही. पत्ता शेजाऱ्यांचा घालायचा. घराला कुलूप दिसलं तर पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो, पार्सल पोस्टात काही दिवस थांबतं आणि मग परत कुमळीला.

दिवस ७: अलेप्पी, हाउसबोट

चार तासांचा उतार. बोटीत दुपारी बाराच्या सुमारास चढायचं, दुसऱ्या दिवशी नऊला उतरायचं. मोठी बॅग बसमध्येच राहते, सॅकमध्ये एक जोड, गोळ्या, ओडोमॉस, टॉर्च. ३५ जणांचा ग्रुप सात-आठ बोटींत विभागतात आणि बोटीत दोन-तीन खोल्या, म्हणजे कोण कोणाबरोबर हा प्रश्न आदल्या रात्रीच सुटलेला बरा. घोरणाऱ्यांनी इमानदारीने शेवटची खोली घ्यावी, फळीची भिंत पातळ असते.

साडेपाचला बोट काठाला बांधतात. मच्छीमारांची जाळी लागायची वेळ तीच असते, बोटवाला आळशी म्हणून नव्हे. एसी बहुतेक बोटींत रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच. दोन्ही गोष्टी बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात असतात आणि दोन्हीवरून वाद होतात. काठाने चालत गेलं तर कुट्टनाडची शेती दिसते. भाताची खाचरं कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली, समुद्रसपाटीच्याही एक ते तीन मीटर खाली. पाणी उपसून काढून शेती करतात. आपण बांधावर उभे राहिलो की एका बाजूला बोटी वर आणि दुसऱ्या बाजूला भात खाली.

दिवस ८: तिरुवनंतपुरम

१५० किलोमीटर, महामार्गाच्या रुंदीकरणामुळे किती तास ते त्या दिवसावर अवलंबून. पद्मनाभस्वामीच्या देवळात पुरुषांना धोतर आणि उघडं अंग, स्त्रियांना साडी. पंजाबी ड्रेस असेल तर वरून मुंडू, म्हणजे केरळी धोतर, गुंडाळावं लागतं. मुंडू दाराशी मिळतात. घरचं धोतर इथे कामी येतं, तेही हॉटेलातूनच नेसून निघालं तर. मोबाइल बसमध्ये ठेवावा, जमा करायच्या खिडकीपाशी सुटताना चाळीस जणांची झुंबड असते. शेषशायी मूर्ती १८ फूट लांब, तीन दारांतून तीन भागांत दिसते, आणि रांग पुढे सरकत असते. पहिल्या दारात मुख, दुसऱ्यात नाभिकमळ, तिसऱ्यात चरण हे आधी माहीत असलं तर नजर भिरभिरत नाही.

दिवस ९: कन्याकुमारी

वाटेत पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा, सोमवारी बंद. विवेकानंद शिलास्मारकाची फेरीबोट चारच्या सुमारास थांबते, म्हणून राजवाड्यात रेंगाळणारा ग्रुप समुद्रात जाऊ शकत नाही. दोन्हीपैकी एक निवडायची वेळ आली तर शिला. विवेकानंद इथे डिसेंबर १८९२ मध्ये बसले होते. स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते मूळच्या अमरावती जिल्ह्यातल्या एकनाथजी रानड्यांच्या खटपटीमुळे. शेजारचा तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा पुतळा १३३ फुटांचा, कारण त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३. ओहोटीला त्या खडकाशी पाणी उथळ व्हायचं आणि बोट लागत नसे. ३० डिसेंबर २०२४ ला दोन खडकांमध्ये ७७ मीटरचा काचेचा पूल झाल्यापासून ती अडचण गेली.

रात्री निरोपाचं जेवण. ड्रायव्हर, क्लीनर, मॅनेजरसाठी पाकिटं. सुट्या नोटांचे दोन संच ठाण्याहूनच आणलेले असावेत, कारण आठ दिवसांनी हेच पुन्हा आहे.

दिवस १०: सांधा

सकाळी नाश्ता झाला की ग्रुपची बस तिरुवनंतपुरमच्या विमानतळाकडे निघते. आपण थांबायचं. 'कन्याकुमारीला लीव्हिंग' हे बुकिंगच्या वेळी लेखी दिलेलं असावं, नाहीतर मॅनेजर सवयीने सगळ्यांच्या बॅगा बसच्या डिकीत चढवतो.

मदुराई २४५ किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ४४, साडेचार तास. रेल्वे आहे, पण मोठ्या बॅगा आणि नऊ दिवसांचा शीण घेऊन टॅक्सी बरी. तमिळनाडूत 'ड्रॉप टॅक्सी' हा प्रकार सर्रास चालतो. एका बाजूचंच भाडं, किलोमीटरवर. ठरवताना तीन गोष्टी वेगळ्या विचाराव्यात: टोल धरला आहे का, ड्रायव्हरचा बाटा, म्हणजे भत्ता, किती, आणि कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे लागतात. कन्याकुमारी तमिळनाडूतच असल्याने राज्य ओलांडायचं परमिट लागत नाही. तिरुवनंतपुरमहून निघालात तर तो खर्च वाढतो. हेही टूर कन्याकुमारीला संपणारी निवडण्याचं एक कारण.

वाटेत मुप्पंदलकडच्या पवनचक्क्या. तिरुनेलवेलीला हलवा घ्यावा, गव्हाच्या चिकाचा, तुपात थबथबलेला, केळीच्या पानात गरम खायचा. पाव किलोत चौघं गप्प होतात.

मदुराईचं हॉटेल कोणतं? दुसऱ्या टूरचंच हवं, म्हणजे उद्या बॅगा हलवाव्या लागत नाहीत. गंमत अशी, की कंपन्या हॉटेलांची नावं निघायच्या आठवडाभर आधी देतात आणि तेव्हा आपण केरळात असतो. म्हणून आधी कुठलीही रद्द करता येणारी खोली घेऊन ठेवायची आणि नाव कळलं की बदलायची. ते जमलं नाही तरी रिक्षाच्या अंतरातली असावी.

आणि मग दुपारी काही करायचं नाही. मीनाक्षी मंदिर खुणावत असतं, पण ते उद्याच्या कार्यक्रमात आहे. कपडे लाँड्रीत सकाळी दिलेले संध्याकाळी मिळतात, दुपारी दिलेले दुसऱ्या दिवशी, म्हणून पोचल्याबरोबर पहिलं काम ते. मदुराईची हवा कोरडी, खोलीत वाळत घातलेलं धोतर तीन तासांत वाळतं; केरळात दीड दिवस लागला असता. गोळ्या मोजायच्या. फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवायचे. पाय सुजले असतील तर उशीवर ठेवून पडायचं. संध्याकाळी जिगरठंडा प्यायचा, दूध, बदाम पिसिन म्हणजे भिजवलेला डिंक, नन्नारी या मुळीचं सरबत, वर आइस्क्रीम. रात्री नऊला झोप. जे लोक हा दिवस वाचवून एक टूर संपताच दुसरीत उडी मारतात, ते साधारण रामेश्वरला आजारी पडतात.

दिवस ११: मदुराई

नवा ग्रुप दुपारी उतरतो. सगळे कोरे करकरीत, आपण दहा दिवसांचे मुरलेले. पुन्हा ओळखपरेड, पुन्हा काका-काकू-मावशी ठरणं, पुन्हा तीच अंताक्षरी. "आमच्या आधीच्या टूरला ना..." हे वाक्य तोंडाशी आलं की गिळावं, दुसऱ्यांदा ऐकल्यावर कोणी शेजारी बसत नाही.

दक्षिणेतली बहुतेक मोठी देवळं दुपारी बंद असतात, मीनाक्षीचं साडेबारा ते चार. दुसऱ्या टूरचा सगळा दिवस या वेळेभोवती फिरतो: पहाटे निघा, बाराच्या आत दर्शन, दुपारी प्रवास. मोबाइल आत चालत नाही. हजारखांबी मंडपात खांब ९८५ आहेत, मोजायला जाऊ नये. ग्रुपचं दर्शन संध्याकाळी उरकतं, पण रात्री नऊनंतर परत जावं. सुंदरेश्वरांना चांदीच्या पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात. नादस्वरम, धूप, अंधारलेली ओवरी, गर्दी बेताची. टूरच्या कार्यक्रमात हे बहुधा नसतं. हॉटेल देवळापासून चालत जाण्याइतकं असेल तरच जमतं.

दिवस १२ आणि १३: रामेश्वर

१७० किलोमीटर. पांबनला रस्त्याच्या पुलावरून डावीकडे रेल्वेचे दोन पूल दिसतात, एक १९१४ चा जुना आणि दुसरा ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेला, ज्याचा ७२.५ मीटरचा तुकडा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. पोचल्यावर जेवण करून आधी धनुष्कोडी, कारण पाचच्या सुमारास पोलीस गाड्या मागे फिरवायला लागतात. डिसेंबर १९६४ च्या वादळात गाव गेलं, चर्चच्या आणि स्टेशनच्या भिंती उरल्यात.

तीर्थस्नान दुसऱ्या दिवशी पहाटे. क्रम असा: स्फटिकलिंगाचं दर्शन पाच ते सहा, कोरड्या कपड्यांत. मग समुद्रात अग्नितीर्थ. मग ओल्याने देवळात येऊन २२ तीर्थं, म्हणजे विहिरी. मग कपडे बदलून मुख्य दर्शन, ओल्या कपड्यांनी गाभाऱ्यापाशी जाऊ देत नाहीत. म्हणून दोन जोड, एक पंचा आणि एक जाड प्लास्टिकची पिशवी, ही पिशवी नसली की बसची सीट भिजते. विहिरीच्या कठड्यावर एक माणूस उभा असतो, दोरीला बांधलेली छोटी बादली सोडतो, अर्ध्या मिनिटात वर ओढतो आणि खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर उपडी करतो. डोकं थोडं पुढे घातलं तर पाणी मिळतं, मागे राहिलं तर शिंतोडे. एका विहिरीहून दुसरीकडे लोक पळतात, आणि दगडी फरशी अखंड ओली. पडणारे इथेच पडतात. साडीचा घोळ वर खोचावा, चष्मा खोलीत ठेवावा. शेवटचं कोटितीर्थ. सगळं मिळून तास-दीड तास. गाभाऱ्यातले पुजारी मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण, शृंगेरीची दीक्षा घेतलेले.

नंतर तंजावरपर्यंत पाच तास. ओलं डोकं आणि एसी, शाल हाताशी ठेवावी.

दिवस १४: तंजावर, कुंभकोणम

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलं. गाइड विमानाची, म्हणजे शिखराची, उंची, नंदी आणि सावलीची दंतकथा सांगून ग्रुपला दाराकडे वळवतो. मराठी माणसाने तिथे पाऊण तास मागून घ्यावा. प्राकाराच्या भिंतीवर नैर्ऋत्येकडे भोसल्यांचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला. दहा पावलं चालून संपेल म्हणून बघायला जावं, तर ओळी संपतच नाहीत. सकाळचं तिरकं ऊन असलं तर अक्षरं सावलीसह उठून येतात. दुपारी सपाट उजेडात वाचायला त्रास. बोट लावू नये, नुसतं वाचत जावं. 'राजे' आणि 'महाराज' पहिल्यांदा ओळखू येतात, मग क्रियापदं लागायला लागतात आणि वाक्य उलगडतं.

व्यंकोजींनी १६७५ च्या सुमारास मिळवलेलं हे राज्य १८५५ पर्यंत भोसल्यांकडे होतं. सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय राजवाड्यात आहे, बुधवारी बंद. वार जमत नसेल तर कंपनीला आधीच सांगून मंगळवारी किंवा गुरुवारी येणारी तारीख घ्यावी. या टूरमध्ये वार बघून तारीख निवडावी असं ठिकाण हेच.

मुक्काम कुंभकोणम. पितळी डबरा-पेल्यातली कॉफी, आणि वेळ उरला तर दारासुरमचं ऐरावतेश्वर, जे मोठ्या देवळापेक्षा बारीक कामात सरस आहे.

दिवस १५ आणि १६: चिदंबरम, पुदुच्चेरी, महाबलीपुरम

चिदंबरम बाराच्या आत. पुदुच्चेरीचा समुद्रकिनाऱ्याचा रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद असतो, जेवून फिरायला उत्तम. महाबलीपुरमला एकाच तिकिटात किनाऱ्याचं मंदिर आणि पंचरथ होतात, तिकीट फेकू नये. उन्हामुळे पंचरथ सकाळी. पाथरवटांच्या दुकानांत दगडी मूर्ती मोहात पाडतात. वजन विचारूनच हात घालावा, १५ किलोचा हिशेब अजून चालू आहे.

दिवस १७: चेन्नई ते ठाणे

चेन्नईला 'लीव्हिंग', म्हणून परतीचं विमान आपल्या सोयीचं, दुपारचं. सकाळचं घेतलं तर चेन्नईचा ट्रॅफिक, दुपारनंतरचं घेतलं तर मुंबई विमानतळाहून ठाण्याला येताना ऐन गर्दीची वेळ. रेल्वेने येणाऱ्यांनी कल्याणला उतरावं. घरी आल्यावर शेजारच्या काकूंकडून किल्ली आणि कुमळीचं खोकं घ्यायचं. त्यांच्या मूठभर वेलदोड्यांची पुडी मात्र कुमळीलाच वेगळी बांधून वर नाव घातलेली असावी, कारण खोकं तोवर आठ दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात घमघमत असतं.